पेटी क्रमांक १७

आमच्या घरात एकूण ३४ पेट्या आहेत. सैन्यातल्या कोणत्याही कुटुंबाला हे वाक्य समजावून सांगावे लागत नाही, इतरांसाठी सांगते. काळ्या रंगाने रंगवलेल्या, काही पत्र्याच्या आणि काही लाकडाच्या, प्रत्येकीवर पांढऱ्या अक्षरांत यांचे नाव, हुद्दा आणि पेटीचा क्रमांक लिहिलेला, अशा या पेट्या बदलीच्या दिवसांत सामान वाहतात आणि एरवी चादरीखाली दडून दिवाण, टीपॉय किंवा टीव्हीचे टेबल म्हणून काम करतात. यंदाच्या मे महिन्यात भटिंड्याच्या घरात त्यांच्यावरच्या चादरी पुन्हा निघाल्या, पण लग्नानंतरच्या १७ वर्षांत पहिल्यांदाच त्यांपैकी फक्त सहा पेट्या ट्रकमध्ये चढल्या. यांची बदली जबलपूरला झाली आहे. मुलगी दहावीत असल्यामुळे मी, ती आणि धाकटा मुलगा पुढच्या मार्चपर्यंत इथेच राहणार आहोत, आणि तशी परवानगीही मिळाली आहे.

मागे राहिलेल्या २८ पेट्यांपैकी क्रमांक १७ ही माझी. कोणत्या पेटीत काय भरले आहे याची एक वही आमच्याकडे पहिल्या बदलीपासून आहे. तिच्यात सतराव्या ओळीवर २००९ साली मी ‘किरकोळ’ असे लिहिले होते आणि नंतरच्या प्रत्येक बदलीत तोच शब्द खाली उतरवत आले. त्या पेटीत सुया, दोऱ्यांच्या लडी, लाकडी रिंगा, मॅटीच्या कापडाचे तुकडे, अर्धवट राहिलेले नमुने आणि एका पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात कात्र्या असतात. भटिंड्याला येताना मुलीने वहीतला तो शब्द खोडून तिथे ‘आईचं काम’ असे लिहिले. तिने ते शुद्धलेखनाची चूक सुधारावी तितक्या सहजपणे केले आणि ती पुढच्या पेटीकडे वळली. मी मात्र त्या ओळीकडे बराच वेळ पाहत बसले.

खरे सांगायचे तर माझी आवड भरतकामाची नव्हतीच. मी मिरजेची. आमच्या गावात ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरुसात गवई रात्रभर गातात आणि गावातल्या एका आळीत भोपळे, लाकूड आणि तारा यांचा वास एकत्र येतो. मंगळवेढा-पंढरपूर भागातून येणारे मोठे भोपळे वाळवून त्यांचे तानपुरे आणि सतारी करणारी जी घराणी तिथे आहेत, ती मूळची शिकलगारांची, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्यांची. सैनिकाशी लग्न ठरले तेव्हा घरातल्यांनी यावरून भरपूर विनोद केले होते. मी आठव्या वर्षापासून गाणे शिकत होते, २००५ साली ‘मध्यमा पूर्ण’ ही गाण्याची परीक्षा झाली होती आणि पुढच्या विशारदची तयारी चालू होती. लग्नात वडिलांनी मला दागिन्यांपेक्षा अधिक विचार करून जर काही दिले असेल तर तो तानपुरा.

पहिले घर बेळगावचे होते, आणि बेळगाव म्हणजे मिरजेहून रेल्वेने तीन तास. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असलेल्या त्या गावात भाजीवालीपासून शेजारणीपर्यंत सगळीकडे मराठी कानावर पडे, पंधरा दिवसांतून एकदा बाईंकडे तालमीला मिरजेला जाता येई, त्यामुळे बदली ही गोष्ट मला फारशी अवघड वाटली नाही. २००९ च्या उन्हाळ्यात, मुलगी चार महिन्यांची असताना, भूजची बदली आली. तानपुरा गादीत गुंडाळून, दोन पेट्यांच्या मध्ये, अत्यंत काळजीने ट्रकमध्ये ठेवला. भूजला गादी उलगडली तेव्हा भोपळ्याला वरपासून खालपर्यंत चीर गेलेली होती. हे म्हणाले, “दुरुस्त होईल.” आणि तो खरोखर झालाही, मिरजेच्याच आळीत, सहा महिन्यांनी. मात्र त्यानंतर तो पुन्हा प्रवासाला निघाला नाही. आईच्या घरी, खिडकीपासून दूर, भिंतीला टेकून उभा राहिला. विशारद प्रथमचा फॉर्म मी त्यापुढे दोनदा भरला. दोन्ही वेळा परीक्षेच्या आधी बदली झाली.

बाळंतपण, नवे गाव आणि मोडलेला तानपुरा या तिन्ही गोष्टी एकाच वर्षात आल्या, म्हणून कशाचे दुःख किती होते हे मला आजही वेगळे काढून सांगता येत नाही. “लहान मूल असताना कसले गाणे” हे वाक्य मला अनेकांनी अनेक प्रकारे ऐकवले आणि त्यात दुष्टपणा कोणाचाच नव्हता. रियाजाला लागणारी गोष्ट म्हणजे सलग वेळ. आवाज तापायलाच अर्धा तास जातो, आणि तो तापतो न तापतो तोच पाळण्यातून हाक येते. शिवाय छावणीतल्या घरांच्या भिंती पातळ असतात. पलीकडे रात्रपाळी करून आलेला माणूस झोपलेला असतो. या सगळ्यात गाणे चालवणाऱ्या बायका असतीलही. मला ते जमले नाही.

भरतकाम माझ्याकडे बेळगावातूनच आले होते, पण तेव्हा मी त्याला पाहुण्यासारखे वागवत होते. टिळकवाडीत राहणाऱ्या एक आजी कसुती शिकवायच्या. कसुती ही मूळची धारवाडकडची कला. इरकली लुगड्याच्या पदरावर गोपुरे, रथ, तुळशी वृंदावन, हत्ती आणि मोर हे कापडाचे उभे-आडवे धागे मोजून भरतात. कापडावर आधी काहीही रेखाटलेले नसते. त्यातल्या गवंती टाक्यात सुई आधी एक घर भरत आणि एक घर मोकळे सोडत पुढे जाते, मग त्याच वाटेने परत फिरते आणि येताना मोकळी राहिलेली घरे भरते. त्यामुळे कापडाची सुलट आणि उलट बाजू एकसारखी दिसते. गाठ मारायची नाही, सुरुवातीलाही नाही आणि शेवटीही नाही. जाताना एक धागा जरी चुकीचा मोजला गेला तरी परतीच्या वाटेवर टाके एकमेकांना भेटत नाहीत आणि सगळे उसवावे लागते. आजी माझे काम हातात घेत आणि कधीही वरच्या बाजूने पाहत नसत. “उलटं दाखव आधी,” असे म्हणून कापड पालथे करत, चष्मा कपाळावर चढवत आणि नखाने चूक दाखवत. मी गर्भार होते, पायांवर सूज होती आणि वेळ भरपूर होता. गवंती आणि मुर्गी हे दोन टाके मी त्यांच्याकडे शिकले. नेगी आणि मेंथी नुसते पाहिले. तेवढ्यावर बदली आली.

भूजमध्ये, मुलगी पालथी पडायला लागल्यानंतरच्या दिवसांत, मी तो डबा पुन्हा उघडला आणि माझ्या लक्षात आले की या कामाला सलग वेळ लागत नाही. वीस मिनिटे मिळाली तर वीस मिनिटांचे काम होते. बाळ उठले की सुई कापडात खोचून ठेवावी, दोन दिवसांनी परत यावे, शेवटचे मोजलेले घर शोधावे आणि तिथून पुढे जावे. कापड वाट पाहते, आवाज पाहत नाही. हा काही थोर शोध नाही, आणि मी गाण्याच्या जागी सुई ‘निवडली’ असे म्हणणे खोटेपणाचे होईल. जे हाताशी उरले होते ते मी उचलले. एक भीती मात्र कायम असे, ती रांगणाऱ्या मुलाच्या घरात सुई हरवण्याची. त्यासाठी मी एक नियम केला आणि तो आजही पाळते: घरात एकावेळी फक्त एक सुई बाहेर, तिच्यात लाल दोरा ओवलेला, आणि काम संपले की ती डब्यात परत गेल्याशिवाय दुसरे काही करायचे नाही.

कच्छमध्ये राहून भरतकामाकडे पाठ फिरवणे कठीणच आहे. अहिरांचे आरशांचे काम वेगळे, रबारींचे वेगळे, पक्को आणि खारेक या शैली वेगळ्या. बायकांच्या घागऱ्या-चोळ्यांवरून त्या कोणत्या समाजाच्या हे तिथले लोक दुरूनच ओळखत. मला ओढ लागली ती सूफची. भूजपासून जवळच असलेल्या सुमरासर गावात मी काही महिने दर शनिवारी जात होते, मुलीला मांडीवर घेऊन. सूफमध्येही काही रेखाटलेले नसते. कारागीर कापडाची उलटी बाजू स्वतःकडे ठेवून, धागे मोजत, त्रिकोणांत त्रिकोण भरत जाते, आणि सुलट बाजूवर काय उमटते आहे ते तिला फक्त मनात दिसत असते. मी माझा कसुतीचा तुकडा दाखवला तेव्हा तिथल्या बाईंनी तो हातात घेऊन पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर कापड पालथे केले. मला हसू आवरेना, आणि का हसते आहे हे समजावून सांगण्याइतकी गुजराती मला येत नव्हती.

सूफ भरणाऱ्या या सोढा समाजातल्या बायकांची कुटुंबे १९७१ च्या युद्धाच्या वेळी पाकिस्तानातले थरपारकर सोडून कच्छमध्ये आलेली. येताना त्यांनी किती आणि काय आणले असेल याचा अंदाज मी तिथे बसून करत असे. जी कला कागदावर किंवा ठशांत नसून मोजणीत असते, ती आणायला पेटी लागत नाही. पण इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. सरकारी ट्रक, नोकरी, पगार आणि पुढच्या गावी तयार घर असलेल्या आमच्या बदल्यांची तुलना अशा उखडण्याशी करू नये. बदलीच्या आयुष्याबद्दल लिहिताना आम्ही सैन्यातल्या बायका कधी कधी स्वतःला भटक्या, विस्थापित, मुळे नसलेल्या वगैरे म्हणवून घेतो. मला तो शब्दांचा चैनीचा वापर वाटतो. आमची गैरसोय होते. ती खरी असते. तिला गैरसोयच म्हणावे.

गैरसोयीचा एक नमुना म्हणजे ‘मार्चिंग आऊट’. घर सोडताना बांधकाम विभागाचा माणूस यादी घेऊन येतो आणि नळ, बल्बची होल्डरे, काचेची तावदाने, कड्या, पंखे, पलंग असे सारे मोजतो. आपण घरात राहायला आलो तेव्हा जे होते ते जाताना असायला हवे. नसेल तर भरपाई. खिळ्यांची भोके बुजवायची, मुलांनी भिंतीवर काढलेली चित्रे पुसायची. दोन-अडीच वर्षांचे राहणे एका सकाळी अर्ध्या तासात मोजून संपते. यादीत झाडे नसतात, ही मला त्या पद्धतीतली एकमेव दयेची जागा वाटते. त्यामुळे प्रत्येक घरात आधीच्या बाईने लावलेली गवती चहाची गड्डी किंवा कढीपत्त्याचे झाड आपल्याला मिळते आणि आपण लावलेले पुढच्या बाईला मिळते. आठ घरांपैकी सहा घरांत मला कढीपत्ता तयार मिळाला. मी स्वतः शेवगा लावते, कारण तो लवकर वाढतो. त्याच्या शेंगा मात्र मी आजवर एकाच गावात खाल्ल्या आहेत.

२०१२ साली हे सीमेवर गेले. अशा नेमणुकीत कुटुंबाला सोबत नेता येत नाही. मी आधी मिरजेला आणि मग पुण्यात, अशाच कुटुंबांसाठी असलेल्या वसाहतीत राहिले. मुलगा २०१३ मध्ये झाला आणि त्याच्या बापाने त्याला पहिल्यांदा पाहिले तेव्हा तो अडीच महिन्यांचा होता. छंदामुळे अशा काळात मन रमते असे सांगण्याची पद्धत आहे. माझे रमले नाही. त्या दोन वर्षांत मी पेटी क्रमांक १७ एकदाही उघडली नाही. दोन मुले झोपली की फोन उशाशी ठेवून छताकडे पाहत पडून राहत असे. तानपुरा मिरजेच्या घरात समोर उभा होता, त्यालाही हात लावला नाही. या काळाविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे माझ्याकडे नाही.

नंतर तेजपूर आले आणि ब्रह्मपुत्रेच्या काठच्या त्या गावाने मला पुन्हा कामाला लावले, तेही सुई नव्हे, हातमाग दाखवून. आसामात, विशेषतः खेड्यांत, घराच्या पडवीत माग असणे ही आपल्याकडे जाते असण्यासारखी गोष्ट होती आणि बऱ्याच ठिकाणी अजून आहे. बोहाग बिहू एप्रिलच्या मध्यात येतो. त्याआधी घरोघरी बायका पांढऱ्यावर लाल काठाचे गमोसे विणतात आणि बिहूला वडीलधाऱ्यांना, जिवलगांना ते भेट देतात. मुलीच्या शाळेतल्या एक शिक्षिका जवळच्या गावात राहत. त्यांना आम्ही बाइदेउ म्हणत असू, म्हणजे थोरली बहीण. त्यांच्या पडवीत एका हिवाळ्यात, आठवड्यातून दोन दुपारी, मी मागावर बसले. मुलगा दीड-दोन वर्षांचा होता आणि धोटा इकडून तिकडे जाताना पाहून टाळ्या वाजवायचा. माझा पहिला गमोसा काठाशी इतका वाकडा झाला की बाइदेउंनी तो पाहून अतिशय सभ्यपणे विषय बदलला.

मला माग विकत घ्यायचा होता. बांबू आणि लाकडाचा तो सांगाडा फारसा महाग नव्हता. यांनी टेपने मोजमाप घेतले, ट्रकची लांबी-रुंदी कागदावर मांडली आणि शेवटी म्हणाले, “बसेल. पण मग फ्रीज इथे सोडावा लागेल.” पुढचे घर कसे असेल, त्याला पडवी असेल का, जमिनीत खुंट रोवू देतील का, हे काहीच ठाऊक नव्हते. २०१७ मध्ये आम्ही तेजपूर सोडले तेव्हा पेटीत माझा तो वाकडा गमोसा होता आणि बाइदेउंनी दिलेला एक सरळ. तानपुऱ्याच्या वेळी मी चिडले होते, महिनोन्‌महिने चिडले होते. मागाच्या वेळी तशी चिडले नाही. त्याचे कारण शहाणपण आले हे नसून, बाइदेउंच्या पडवीतला माग तिथेच शोभत होता हे होते. त्याला माझ्यामागून फरफटत सिकंदराबादला नेणे मला बरे वाटले नसते.

सिकंदराबादेत आधी तात्पुरते घर, मग कायमचे म्हणजे तीन वर्षांचे घर, आणि मध्ये करोना. मुलीची शाळा लॅपटॉपवर, मुलाची मोबाइलवर, आणि मी दोघांच्या मध्ये कापड घेऊन, कारण दोघांपैकी कोणीतरी कॅमेरा बंद करून पळून जाईल म्हणून तिथे बसणे आवश्यक होते. याच काळात मुलाला मराठी आकडे आले. घरात आम्ही मराठी बोलतो, पण मुलांचे आकडे शाळेचे, म्हणजे इंग्रजी. मी धागे मोजताना पुटपुटते, आणि ते मराठीतच. “एकोणतीस, तीस, एकतीस” असे रोज ऐकून आठ वर्षांचा मुलगा सोबत मोजू लागला, मुद्दाम चुकीचा आकडा मध्ये घुसवून मला फसवू लागला, आणि ज्या एकोणसाठ-एकोणसत्तरांनी त्याच्या बहिणीला अजून घाम फुटतो ते त्याला बिनचूक येऊ लागले. माझ्या त्या वर्षीच्या रुमालावर एका मोराला एक पाय कमी आहे, तो त्याच्या एका यशस्वी फसवणुकीचा.

मुलांविषयी एक अपराधीपणा माझ्या मनात सतत असतो. मुलीने आतापर्यंत पाच शाळा पाहिल्या. प्रत्येक वेळी पहिल्या आठवड्यात डबा एकटीने खाणे, तिसऱ्या आठवड्यात एक मैत्रीण, सहाव्या महिन्यात जिवाभावाची मैत्रीण आणि तिसऱ्या वर्षी निरोप. लोक म्हणतात, अशी मुले धीट होतात, कुठेही रुळतात. होतात काही, काही अबोल होतात, माझ्या घरात दोन्ही प्रकार आहेत. तिने आठवीत मला विचारले होते की तू प्रत्येक गावात काहीतरी शिकायला जातेस, ते आम्हाला दाखवायला का, की बघा, मी रुळले, तुम्हीही रुळा? मी नाही म्हणाले. नंतर विचार केला तेव्हा उत्तर इतके सरळ नव्हते. थोडेसे दाखवण्यासाठीही असेल. नव्या गावात माझी स्वतःची एक वाट, म्हणजे यांच्या हुद्द्यावरून न आलेली एखादी ओळख, एखादी पडवी, एखाद्या आजी असाव्यात अशी गरज मला होती. छावणीत प्रत्येक बाई आधी कोणाची तरी पत्नी म्हणून ओळखली जाते आणि नंतर, वेळ उरलाच तर, नावाने. टिळकवाडीच्या आजींना यांचा हुद्दा ठाऊक नव्हता. त्यांना फक्त माझे उलटे टाके ठाऊक होते.

भटिंडा हे मोठ्या छावणीचे गाव. उन्हाळ्यात लू आणि हिवाळ्यात धुके. इथे येताना मला फुलकारी पाहायची उत्सुकता होती आणि बाजारात पहिल्या दिवशी निराशा झाली, कारण दुकानात जे फुलकारी म्हणून मिळते ते बहुतेक जॉर्जेटवरचे यंत्रकाम असते. जुनी फुलकारी हातविणीच्या जाड खद्दरवर, ‘पट’ म्हणजे पीळ नसलेल्या रेशमाने, कापडाच्या उलट्या बाजूने धागे मोजून भरत. खद्दर जराही दिसू नये इतके दाट भरले की त्याला बाग म्हणत, आणि एका बागेला वर्षाहून अधिक काळ सहज लागे. मुलगी किंवा नात जन्मली की आजीने काम सुरू करायचे अशी रीत होती. ते विकायचे नसे. आम्हाला दूध देणाऱ्यांच्या आई, ज्यांना सगळे बीजी म्हणतात, त्यांच्या ट्रंकेत अशी एक लाल चोप, म्हणजे फुलकारीचाच एक प्रकार, आहे, आजोळहून आलेली. चोपमध्ये दुहेरी धावदोरा असतो, दोन्ही बाजूंनी सारखा. बीजींनी ती उलगडली आणि मी नमस्कार-चमत्कार सोडून थेट कापड पालथे केले. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिले आणि विचारले, “तुला कोणी शिकवलं?” जी वाट पुढे जाताना अर्धी भरते आणि परतताना पुरी होते, ती बेळगाव आणि भटिंडा या दोन टोकांना एकच होती. त्यानंतर मला त्यांच्या ओसरीवर बसायला कोणाची ओळख सांगावी लागली नाही.

या भागाची खरी खासियत मात्र सैंची फुलकारी. तिच्यात मोजणी नसते. खेड्यातले रोजचे आयुष्य, म्हणजे ताक घुसळणारी बाई, कुस्ती, बैल, कोंबडे, आगगाडी, हे आधी काळ्या शाईने रेखाटून मग भरतात. बीजींच्या सांगण्यावरून मी सध्या एक करते आहे. तिच्यात पेट्या आहेत आणि एक ट्रक आहे. बीजींना ट्रक पसंत नाही. त्यांच्या मते आगगाडी अधिक शोभली असती.

आता या वर्षाविषयी. पेट्या बाहेर काढून पुन्हा आत ठेवल्या त्या संध्याकाळी मला जाणवले की पुढचे दहा महिने मी कोठे असेन हे मला ठाऊक आहे. असे लग्नानंतर क्वचितच झाले आहे. मुलगी अभ्यासाला बसते, मुलगा मैदानावर जातो, हे फोनवर असतात, आणि साडेसहा ते आठ हा वेळ सलग असतो. गेल्या डिसेंबरात आम्ही जालंधरच्या हरिवल्लभ संगीत संमेलनाला गेलो होतो. १८७५ पासून भरणारे हे संमेलन. लोक कडाक्याच्या थंडीत घोंगड्या पांघरून गाणे ऐकतात. तिथे बसल्या बसल्या मला विष्णु दिगंबर पलुसकरांची आठवण झाली. कुरुंदवाडचा मुलगा, फटाक्याने दृष्टी अधू झाली म्हणून उपचारासाठी मिरजेला आला, तिथे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकला, मग गावोगाव हिंडत उत्तरेकडे निघाला आणि १९०१ साली पंजाबात, लाहोरला, त्याने गांधर्व महाविद्यालय काढले. ज्या परीक्षेचा फॉर्म मी दोनदा भरून सोडून दिला, ती परीक्षा त्यांच्या शिष्यांनी पुढे स्थापन केलेल्या मंडळाची. आमच्या मिरजेत शिकून पंजाबात आलेल्या माणसाच्या परंपरेतली परीक्षा मिरजेच्याच एका बाईने पंजाबात बसून द्यावी, यात मला एक प्रकारची गंमत वाटली. वयाच्या ४१ व्या वर्षी आवाज पूर्वीचा नाही. वरचा षड्ज लागतो, टिकत नाही. फोनमधल्या तानपुऱ्यावर महिनाभर पूरिया धनाश्री राग घासते आहे. मुलगी आतून दार लावून घेते, म्हणजे रियाज बऱ्यापैकी मोठ्याने होत असावा. तिसरा फॉर्म भरला आहे.

फोनमधला तानपुरा सुरात असतो आणि त्याला चीर जात नाही, पण तो मांडीला टेकत नाही. भाऊ दिवाळीत गोवा एक्स्प्रेसने दिल्लीपर्यंत येणार आहे; तानपुऱ्यासाठी वेगळे बर्थ काढावे लागेल का, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली आणि काढायचे ठरले. याच वर्षी, म्हणजे २०२४ साली, मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे आळीतले कारागीर सध्या खुशीत आहेत. ज्यांनी पंधरा वर्षांपूर्वी ती चीर बुजवली होती, त्यांनाच जवारी, म्हणजे तारांना झंकार देणारी घोडीची घासणी, पुन्हा काढायला दिली आहे. मी फोन केला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पंजाबची हवा कोरडी आहे का हा. मी म्हटले, फार. मग त्यांनी सूचना सांगितल्या आणि मी त्या पेट्यांच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतल्या: कूलरच्या झोतात ठेवू नका, भिंतीला टेकवताना खाली घडी घातलेली चादर ठेवा, तारा उतरवून पाठवतो आहे, पोहोचल्या पोहोचल्या चढवू नका, नव्या हवेत दोन दिवस तसाच राहू द्या, मग हळूहळू सुरात आणा.